सोसायटीची नोटीस सगळ्यांना वाचता यावी म्हणून: वर्ड, पीडीएफ आणि मराठी फाँट

सप्टेंबर जवळ आला की मुंबईतल्या हजारो सोसायट्यांमधून वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस निघते. सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि सभेआधी पूर्ण १४ दिवस नोटीस सभासदांच्या हाती पडायला हवी. बहुतेक ठिकाणी ती अशी तयार होते: वर्डमध्ये टाइप करायची, प्रिंट काढायची, सचिवांची सही आणि सोसायटीचा शिक्का घ्यायचा, मोबाइलने फोटो काढायचा, त्याची पीडीएफ करायची आणि ग्रुपवर टाकायची. फोटो काढला त्या क्षणी त्यातला मजकूर संपतो. उरतं ते अक्षरांचं चित्र. तिसऱ्या मजल्यावरच्या अंध सभासदाच्या फोनला त्या फाइलमध्ये एकही शब्द सापडत नाही, आणि पुनर्विकासाच्या ठरावावर मत मात्र त्यालाही द्यायचं असतं.

हा लेख सोसायटीचे पदाधिकारी, शाळा-कॉलेजांचे लिपिक, संस्थांची कार्यालयं आणि डीटीपी करणारे यांच्यासाठी आहे. उदाहरण सोसायटीच्या नोटिशीचं घेतलं आहे, पण परीक्षेचं वेळापत्रक, बँकेचं पत्र किंवा संस्थेचा अहवाल यांची कृती हीच.

वाचणारे कसे वाचतात

स्क्रीन रीडर हा संगणकावरचा किंवा फोनवरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम. विंडोजवर एनव्हीडीए मोफत मिळतो आणि त्यात मराठी आवाजही आहे. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आधीपासूनच असतात. वापरणारा माणूस पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळं ऐकत बसत नाही. डोळस माणूस पानावरून नजर फिरवतो, तसा तो मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारतो. एनव्हीडीएमध्ये एच दाबला की पुढचा मथळा, टी दाबला की पुढचा तक्ता, के दाबला की पुढची लिंक. हे मथळे आणि तक्ते ‘दिसायला तसे’ असून चालत नाही. फाइलच्या आत तशी नोंद असावी लागते. या लेखातली बहुतेक कामं ही नोंद करण्याचीच आहेत.

सगळेच ऐकून वाचत नाहीत. कमी दिसणारी माणसं अक्षर मोठं करून किंवा रंग उलटे करून वाचतात. डिस्लेक्सिया असलेल्यांना ओळींची गर्दी आणि शब्दांमधलं कमीजास्त अंतर त्रास देतं. हाताला कंप असलेला माणूस माउस सोडून कीबोर्डवर काम करतो. कर्णबधिर सभासदाला सभेच्या व्हिडिओतलं बोलणं मजकुरात हवं असतं.

आधी फाँट तपासा

मराठीत सगळ्यात मोठी अडचण इथे आहे, आणि इंग्रजीतल्या कुठल्याही मार्गदर्शिकेत ती सापडणार नाही. कृतिदेव, सुरेख किंवा श्रीलिपीतले जुने फाँट वापरून टाइप केलेला मजकूर आतून मराठी नसतोच. तिथे इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार चढवलेले असतात. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी इ, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरं असतो, आणि स्क्रीन रीडर तेच वाचतो. शोध घेतला तरी शब्द सापडत नाही, भाषांतर होत नाही, दुसऱ्याच्या फोनवर फाइल उघडली तर नुसती कचराअक्षरं दिसतात.

तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. मजकूर निवडा आणि फाँट बदलून मंगल किंवा निर्मला यूआय करा. मराठी तसंच राहिलं तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आहे. इंग्रजी अक्षरं उमटली तर रूपांतर करावं लागेल. कन्व्हर्टर बरेच आहेत, पण एकावरही डोळे मिटून विसंबू नका. रूपांतरानंतर पुढच्या जागा हटकून बिघडतात:

- मूळ मजकुरात मधेच आलेले इंग्रजी शब्द, ईमेल पत्ते आणि संकेतस्थळं. कन्व्हर्टर त्यांनाही मराठी समजून बदलून टाकतो. हे भाग आधीच बाजूला काढून ठेवा.
- ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘पायऱ्या’ यांतला अर्धा र. त्याचा रफार झाला तर ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं आणि अर्थच बदलतो.
- पहिली वेलांटी. ती कधी कधी चुकीच्या अक्षराला चिकटते.
- आकडे, कंस आणि अवतरणचिन्हं. रकमा मूळ प्रतीशी एकेक करून ताडून पाहा.

नव्याने टाइप करणार असाल तर विंडोजमध्ये मराठी भाषा जोडून इनस्क्रिप्ट किंवा उच्चारानुसारी कीबोर्ड घ्या. डीटीपीवाल्याकडून काम करून घेत असाल तर काम देतानाच ‘युनिकोडमध्येच हवं’ असं लेखी कळवा. छपाईसाठी जुना फाँट लागतो असं उत्तर आलं, तर युनिकोडचे चांगले छपाई-फाँट आता मोफत उपलब्ध आहेत हे सांगा. मुक्ता, बलू, नोटो सान्स देवनागरी ही त्यांतली सहज मिळणारी नावं.

युनिकोडमध्येही काही सवयी नडतात. ‘दुःख’ लिहिताना विसर्गाऐवजी अपूर्णविराम टाकला तर शब्द मधेच तुटतो आणि वाचणारा आवाज ‘दु’ म्हणून थांबतो. ‘ॲप’ लिहिताना काही जण स्वतंत्र ‘ॲ’ वापरतात, काही जण ‘अ’वर चंद्र देतात. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधताना एकाने दुसरा सापडत नाही. एका दस्तऐवजात एकच पद्धत ठेवा. आणि मथळा पसरट दिसावा म्हणून ‘सू च ना’ असं अक्षरांमध्ये जागा सोडून कधीही टाइप करू नका. स्क्रीन रीडर तीन सुटी अक्षरं वाचतो आणि ‘सूचना’ हा शब्द ऐकणाऱ्यापर्यंत पोचतच नाही.

वर्डमधली बांधणी

नोटीस वर्डमध्ये नीट बांधली तर पुढची पीडीएफ जवळजवळ आपोआप नीट निघते. उलट बाजूने, म्हणजे बिघडलेली पीडीएफ दुरुस्त करायला गेलात तर दहापट वेळ जातो.

मथळे. शब्द ठळक करून, अक्षर मोठं करून, मध्यभागी घेतलं म्हणजे मथळा झाला, असं आपण धरून चालतो. वर्डच्या लेखी तो साधा परिच्छेदच असतो. होम टॅबमधल्या स्टाइल्समधून हेडिंग १ निवडा. कंट्रोल, ऑल्ट आणि १ एकत्र दाबूनही ते लागतं. नोटिशीचं नाव हेडिंग १. ‘सभेपुढील विषय’, ‘मागील सभेचं इतिवृत्त’, ‘हिशेबपत्रकं’, ‘पुनर्विकास प्रस्ताव’ हे हेडिंग २. त्यांच्या पोटातले भाग हेडिंग ३. एकावरून थेट तीनवर जाऊ नका, कारण ऐकणाऱ्याला मधला भाग सुटला असं वाटतं. हेडिंगचा निळा रंग किंवा आकार आवडत नसेल तर त्या स्टाइलवर राइट क्लिक करून मॉडिफाय करा. रूप हवं तसं बदलतं आणि आतली नोंद शाबूत राहते. व्ह्यू टॅबमधलं नॅव्हिगेशन पेन उघडा. तिथे तुमच्या नोटिशीची अनुक्रमणिका दिसली पाहिजे. ती रिकामी असेल तर एकही मथळा झालेला नाही.

जागा सोडणं. दोन परिच्छेदांत अंतर हवं म्हणून पाच वेळा एंटर दाबला तर ऐकणाऱ्याला पाच वेळा ‘रिकामं’ ऐकावं लागतं, आणि काही जण मजकूर संपला समजून फाइल बंद करतात. अंतर परिच्छेदाच्या स्पेसिंगमधून द्या. नवं पान हवं असेल तर कंट्रोल आणि एंटर.

क्रमांक. ‘१)’ हाताने टाइप करू नका. नंबरिंगचं बटण वापरा. त्यात देवनागरी अंकांचा क्रमही निवडता येतो. यादी खरी असेल तर स्क्रीन रीडर आधीच सांगतो की यादीत ९ मुद्दे आहेत, मग ऐकणाऱ्याला पुढे किती आहे याचा अंदाज येतो.

लेटरहेड. सोसायटीचं नाव, नोंदणी क्रमांक, जावक क्रमांक आणि दिनांक बहुधा पानाच्या हेडरमध्ये असतात. हेडर आणि फूटर स्क्रीन रीडर सहसा आपणहून वाचत नाही. नोटिशीची तारीख तिथेच राहिली तर ती त्या सभासदापुरती नसल्यासारखीच. तारीख, वेळ, ठिकाण मुख्य मजकुरात पुन्हा लिहा.

टेक्स्ट बॉक्स. चौकटीत ‘महत्त्वाचे’ म्हणून टाकलेला मजकूर पानावर तरंगत असतो. वाचताना तो एकतर सुटतो किंवा भलत्याच ठिकाणी ऐकू येतो. चौकट हवी असेल तर साध्या परिच्छेदालाच बॉर्डर द्या. चित्रांसाठी लेआउट ऑप्शन्समध्ये ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ निवडा.

भाषा. हे एक मिनिटाचं काम जवळजवळ कुणीच करत नाही. सगळा मजकूर निवडा, रिव्ह्यू टॅबमध्ये लँग्वेज, मग सेट प्रूफिंग लँग्वेज, आणि मराठी निवडा. इंग्रजी परिच्छेद असतील तर ते वेगळे निवडून त्यांना इंग्रजी द्या. ही नोंद असली की स्क्रीन रीडर त्या त्या भाषेचा आवाज घेतो. मराठीवर हिंदीची नोंद राहिली तर ‘ळ’ आणि ‘च’, ‘ज’ यांचे उच्चार कानाला खटकतात. इंग्रजीची नोंद राहिली तर काही आवाज देवनागरी सरळ गाळूनच टाकतात.

लिंक. ‘इथे क्लिक करा’ असं चार ठिकाणी असेल तर लिंकची यादी काढणाऱ्याला चार वेळा तेच ऐकू येतं. ‘२०२४-२५ची हिशेबपत्रकं उघडा’ असं लिहा.

तक्ते: पुनर्विकासाचं खरं दुखणं

पुनर्विकासाच्या प्रस्तावात माणसाचं घर तक्त्यात असतं: फ्लॅट क्रमांक, सध्याचं चटईक्षेत्र, मिळणारं चटईक्षेत्र, भाडं, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम). त्यामुळे इथे थोडा जास्त वेळ द्या.

डोळस वाचक बोट धरून वर पाहतो आणि रकाना कशाचा ते कळतं. ऐकणाऱ्याला नुसतं ‘४५०’ ऐकू येतं. रकान्यांची शीर्षकं नोंदवलेली असतील तर प्रत्येक आकड्याआधी ‘मिळणारं चटईक्षेत्र’ हेही ऐकू येतं. त्यासाठी:

१. तक्ता इन्सर्ट टॅबमधून घाला. टॅब आणि स्पेस दाबून रकाने जुळवू नका. तसा तक्ता ओळीने वाचला जातो आणि दोन ओळींत मावलेलं नाव शेजारच्या आकड्यात मिसळतं.
२. पहिली ओळ निवडा. टेबल डिझाइनमध्ये हेडर रो वर खूण करा, आणि लेआउटमध्ये रिपीट हेडर रोज दाबा. दुसरी पायरी दोन पानांवर जाणाऱ्या तक्त्यापुरती आहे असं समजून वगळू नका. पीडीएफमध्ये ती ओळ शीर्षकाची म्हणून जाते ती याच खुणेमुळे.
३. मर्ज केलेले कप्पे सोडवा. ‘ए विंग’ हा एकच कप्पा आठ ओळींना जोडलेला असेल तर पाचव्या ओळीतला माणूस कुठल्या विंगचा ते कळत नाही. प्रत्येक ओळीत ‘ए विंग’ पुन्हा लिहा किंवा दोन विंगचे दोन तक्ते करा.
४. रिकामा कप्पा ठेवू नका. ‘लागू नाही’ किंवा ‘शून्य’ लिहा. रिकाम्या जागेवर ऐकणाऱ्याला वाटतं की काहीतरी वाचायचं राहिलं.
५. एकक शीर्षकात लिहा: ‘मिळणारं चटईक्षेत्र, चौ. फूट’.
६. तक्त्याआधी एका वाक्यात सांगा की यात किती रकाने आहेत आणि काय पाहायचं आहे.

मांडणीसाठी, म्हणजे डावीकडे सचिव आणि उजवीकडे अध्यक्ष यांच्या सह्या बसवण्यासाठी, तक्ता वापरू नका. एकाखाली एक लिहा.

एक्सेलचा स्क्रीनशॉट वर्डमध्ये चिकटवणं हा या कामातला सगळ्यात वाईट प्रकार. आकडे चित्रात गेले की मोठे करून पाहिले तरी फुटतात. एक्सेलमधून कप्पे कॉपी करून खरा तक्ता चिकटवा, किंवा एक्सेलची फाइलच सोबत द्या.

चित्रं, सह्या, शिक्का आणि क्यूआर कोड

चित्रावर राइट क्लिक करून ‘एडिट ऑल्ट टेक्स्ट’ निवडा आणि वर्णन लिहा. ते लिहिताना एकच प्रश्न विचारा: फोनवरून ही नोटीस कुणाला वाचून दाखवत असतो, तर या चित्राबद्दल काय सांगितलं असतं? ‘चित्र’, ‘फोटो’ असे शब्द लिहायची गरज नाही, स्क्रीन रीडर ते स्वतःच सांगतो.

बोधचिन्ह सोबत नाव असताना शोभेचंच असतं. त्याला ‘डेकोरेटिव्ह’ अशी खूण करा म्हणजे ते वगळलं जाईल. सहीला ‘सचिवांची सही’ आणि शिक्क्याला ‘सोसायटीचा गोल शिक्का’ एवढं पुरे. आलेखाचं वर्णन मात्र ‘खर्चाचा आलेख’ एवढ्यावर संपवू नका. ‘पाच वर्षांत दुरुस्तीचा खर्च वाढत गेला, आकडे खालच्या तक्त्यात’ असं लिहा आणि तो तक्ता खरोखर द्या. मजल्याच्या नकाशाचं वर्णन दोन वाक्यांत मावत नाही. तिथे ऑल्ट टेक्स्टमध्ये ‘सातव्या मजल्याचा नकाशा, वर्णन खाली’ असं लिहून खाली परिच्छेद लिहा: लिफ्टमधून बाहेर पडल्यावर उजव्या हाताला कोणते फ्लॅट, जिना कुठे, दाराची रुंदी किती. व्हीलचेअर वापरणाऱ्या सभासदालाही नेमकी हीच माहिती हवी असते.

देखभाल शुल्काच्या क्यूआर कोडखाली यूपीआय आयडी आणि खातं कुणाच्या नावे आहे ते मजकुरात लिहा. नुसता कोड अंध माणसाला कॅमेऱ्यासमोर धरता येत नाही, आणि ज्याच्या फोनवरच नोटीस आली आहे त्याला तो स्कॅन करायला दुसरा फोन शोधावा लागतो.

रंग आणि अक्षर

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ हवा. १८ पॉइंटच्या पुढच्या किंवा १४ पॉइंटच्या ठळक अक्षरांसाठी ३ : १ चालतो. हा डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांचा आकडा. पांढऱ्यावर शुद्ध लाल रंग सुमारे ४ : १ देतो, म्हणजे नोटिशीतलं लाल अक्षर साध्या आकारात नापास होतं. गडद मरून घ्या. करड्यात ७६७६७६ (हा रंगाचा संगणकी कोड) ही छटा जेमतेम पास, ७७७७७७ जेमतेम नापास. मोजायला कलर कॉन्ट्रास्ट ॲनालायझर हे मोफत साधन आहे.

थकबाकीदारांची नावं लाल आणि बाकीची काळी, असं करू नका. रंग ऐकू येत नाही आणि लाल-हिरवा न ओळखणाऱ्याला दिसतही नाही. ‘स्थिती’ असा रकाना करून ‘थकीत’, ‘भरलं’ असे शब्द लिहा.

देवनागरीला वर-खाली मात्रा असतात, त्यामुळे तेवढ्याच पॉइंटमध्ये ती इंग्रजीपेक्षा लहान आणि दाट वाटते. १४ पॉइंट आणि दीडपट ओळ-अंतर ठेवावं असं आमचं मत. अधोरेखित करणं टाळा, रेघ ऱ्हस्व-दीर्घ उकार आणि ऋकार कापून जाते. तिरपी अक्षरं देवनागरीला शोभत नाहीत आणि वाचायलाही जड जातात. अक्षरांतलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. मजकूर डावीकडे जुळवा. दोन्ही बाजूंनी जुळवला तर लांब मराठी शब्दांमुळे मधे मोठ्या फटी पडतात.

पीडीएफ करताना

वर्डमध्ये रिव्ह्यू टॅबमधलं चेक ॲक्सेसिबिलिटी आधी चालवा. ते ऑल्ट टेक्स्ट नसलेली चित्रं, शीर्षक नसलेले तक्ते आणि फिका रंग दाखवतं. वर्णन चुकीचं आहे की बरोबर, हे त्याला कळत नाही. ‘इमेज १’ असं लिहिलं तरी ते खूश होतं.

मग फाइल, इन्फो इथे टायटलमध्ये ‘वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस’ असं लिहा. नंतर सेव्ह ॲज, पीडीएफ, आणि सेव्ह दाबण्याआधी ऑप्शन्स. तिथे ‘डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर ॲक्सेसिबिलिटी’ वर खूण हवी. टॅग म्हणजे मथळा, तक्ता अशी फाइलच्या आतली नोंद. ‘क्रिएट बुकमार्क्स युझिंग हेडिंग्ज’ वरही करा. लिबरऑफिसमध्ये एक्स्पोर्ट ॲज पीडीएफमध्ये ‘टॅग्ड पीडीएफ’ आणि पीडीएफ/यूए या सुगम पीडीएफच्या मानकाचा पर्याय आहे.

प्रिंटच्या बटणाने पीडीएफ कधीही काढू नका. मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफने कागद हुबेहूब दिसतो, पण मथळे, तक्ते, वर्णनं, भाषा सगळं गळून जातं. आधी केलेली तासाभराची मेहनत इथे एका क्लिकने वाया जाते, आणि पानाकडे पाहून ते लक्षातही येत नाही.

मराठीसाठी आणखी एक परीक्षा हवीच. पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. ‘निधी’, ‘स्थिती’, ‘कर्ज’, ‘पायऱ्या’ असे शब्द असलेला परिच्छेद निवडा. पीडीएफमध्ये अक्षरं दिसतात त्या आकारांच्या क्रमाने साठवली गेली असतील तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी सुटी पडते, जोडाक्षरं फुटतात, रफार हरवतो. डोळ्यांना पान निर्दोष दिसतं आणि कानाला मोडकं ऐकू येतं. असं झालं तर फाँट बदलून पुन्हा काढून पाहा. तरीही सुटलं नाही तर वर्डची फाइल सोबत द्या. आम्ही तर सांगू की मराठी नोटिशीसोबत वर्डची फाइल नेहमीच द्या. मोबाइलवरची बरीच पीडीएफ ॲप टॅगकडे लक्षच देत नाहीत, वर्डमधले मथळे मात्र मिळतात.

ॲक्रोबॅट असेल तर प्रॉपर्टीजमध्ये भाषा तपासा. यादीत मराठी नसेल तर एम आणि आर ही दोन अक्षरं लहान लिपीत टाइप करा. विंडोजवर पॅक (पीडीएफ ॲक्सेसिबिलिटी चेकर) हे मोफत साधन पीडीएफचे टॅग तपासतं. पासवर्ड लावून कॉपी बंद करत असाल तर स्क्रीन रीडरला मुभा देणारी खूण काढू नका.

सही आणि शिक्क्याचं काय? सहीचं चित्र वर्डमध्ये घालता येतं, डिजिटल सही पीडीएफवर करता येते. ती सगळ्यात शेवटी करा, कारण नंतर टॅग बदलले तर सही अवैध ठरते. शाईची सहीच हवी असेल तर दोन फाइल पाठवा: सही असलेली स्कॅन प्रत आणि तोच मजकूर असलेली मूळ पीडीएफ. दोन्हींत फरक नाही हे संदेशात लिहा.

स्कॅन सोडून काहीच नसेल तेव्हा

जुने करार, कन्व्हेयन्स डीड (जमीन-इमारत सोसायटीच्या नावे करणारा दस्त), १९८०च्या दशकातली इतिवृत्तं कागदावरच असतात. ३०० डीपीआयवर, सरळ, सपाट स्कॅन करा. मोबाइलच्या फोटोतली सावली आणि वाकडी कड ओळख बिघडवते. फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून ‘ओपन विथ गूगल डॉक्स’ केलं की मराठी मजकूर ओळखला जातो. टेसरॅक्ट हे मोफत साधनही मराठी ओळखतं. नंतर माणसाने वाचणं टळत नाही. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व यांची अदलाबदल होते, अनुस्वार गळतात, १ आणि ९, ५ आणि ६ यांत गल्लत होते. क्षेत्रफळ, रक्कम, तारीख आणि सर्व्हे क्रमांक दोघांनी मिळून ताडा: एकाने मूळ वाचायचं, दुसऱ्याने नवं पाहायचं. हस्तलिखित इतिवृत्त असेल तर सरळ टाइपच करून घ्या.

सगळं जुनं एकदम करायला घेऊ नका. ज्यावर येत्या सभेत मत द्यायचं आहे ते आधी, चालू उपविधी आणि करार नंतर, बाकी मागणी येईल तसं.

अर्ज, ग्रुपवरचे संदेश, व्हिडिओ

नामनिर्देशन पत्रातल्या ‘नाव: ………’ या ठिपक्यांवर स्क्रीन रीडर ठिपके मोजत बसतो आणि भरायला जागा सापडत नाही. पीडीएफमध्ये खरी भरायची चौकट करा आणि तिच्या टूलटिपमध्ये ‘उमेदवाराचं पूर्ण नाव’ असं लिहा. टॅब दाबत गेल्यावर चौकटी योग्य क्रमाने येतात का पाहा. साधा गूगल फॉर्म पुष्कळदा बरा पडतो. मात्र प्रश्न चित्रात देऊ नका.

व्हॉट्सॲपवर फोटोसोबत ऑल्ट टेक्स्ट देता येत नाही, म्हणून ‘उद्या सकाळी पाणी नाही’ हे पोस्टर टाकलं तर तेच वाक्य खाली टाइप करा. ओळीने पाच हात जोडलेले इमोजी पाच वेळा वाचले जातात. बरोबरीच्या चिन्हांची आणि ताऱ्यांची रांगही तशीच.

सभेच्या व्हिडिओला मराठी कॅप्शन, म्हणजे बोलण्याचा मजकूर, स्वतः तपासून घाला. आपोआप येणाऱ्या कॅप्शनमध्ये नावं आणि आकडे हमखास चुकतात. खुणांच्या भाषेचा दुभाषा हवा असेल तर वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे चौकशी करता येते.

कायदा, थोडक्यात

दिव्यांग व्यक्तींचे हक्क कायदा २०१६चा. त्यात २१ प्रकारची दिव्यांगता मोजली आहे, आणि कलम ४२ माहिती सुगम स्वरूपात उपलब्ध करून देण्याविषयी आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७च्या नियमांतला नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण तो निकषांना नुसत्या शिफारशीचं रूप देत होता, आणि सक्तीचे निकष तयार करायला सांगितलं. ३० एप्रिल २०२५च्या प्रज्ञा प्रसून निकालात डिजिटल सुविधा वापरता येणं हा अनुच्छेद २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. सरकारी कार्यालयं, बँका आणि शिक्षणसंस्थांनी हे निकाल मुळातून वाचावेत.

शेवटची तपासणी कानाने

एनव्हीडीए उतरवून घ्या, आवाज मराठी निवडा. नोटीस उघडा, इन्सर्ट आणि स्पेस दाबून ब्राउझ मोडमध्ये जा, एच दाबत मथळे ऐका. इन्सर्ट आणि एफ ७ दाबल्यावर मथळे आणि लिंक यांची यादी येते. तक्त्यात कंट्रोल, ऑल्ट आणि बाणांनी फिरा. थांबवायला कंट्रोल. आवाजाची सवय नसेल तर टूल्समधलं स्पीच व्ह्यूअर उघडा, बोललेलं लिखित दिसतं. फोनवर टॉकबॅकसाठी आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून धरा.

स्क्रीन झाकून तीन गोष्टी शोधा: सभा कधी आहे, विषय क्रमांक ५ काय आहे, फ्लॅट ३०४ला किती चटईक्षेत्र मिळणार. यांतलं एक जरी सापडलं नाही तर वर्डमध्ये परत जा. संस्थेचं मोठं काम असेल तर रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाकडून योग्य मोबदला देऊन तपासून घ्या. धोबीतलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजातलं दृष्टिहीनांसाठीचं संसाधन केंद्र आणि वरळीची नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या मुंबईतल्या जाणत्या संस्था आहेत.

फाइलचं नाव ‘फायनल_न्यू_२’ न ठेवता ‘वार्षिक-सभा-नोटीस-सप्टेंबर-२०२५’ असं ठेवा. आणि नोटिशीच्या पहिल्याच पानावर, तारखेच्या खाली, हे वाक्य घाला: ‘ही नोटीस मोठ्या अक्षरांत, वर्ड फाइलमध्ये किंवा वाचून हवी असल्यास सचिवांना कळवा, दोन दिवसांत मिळेल.’ त्याखाली फोन क्रमांक मजकुरात लिहा, आणि तो उचलणारा माणूस कोण हे समितीत आधी ठरवून ठेवा.